मर्सियाचं शेवटचं बंदर

१

रविवारचा दुपारचा चहा ज्योत्स्ना वरच्या खोलीत नेऊन देत असे, तसा तो त्याही रविवारी तिनं नेला. अकोल्यावर एप्रिलचं ऊन नुसतं ओतलं जात होतं. गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. जिन्याच्या लोखंडी कठड्याला हात लावायची सोय नव्हती, म्हणून ती भिंतीला खांदा घासत वर गेली.

खोली दामिनीची. पोरगी नागपूरला इंजिनिअरिंगला गेली आणि तिच्या पलंगाच्या जागी ललितनं लांबलचक टेबल टाकलं. त्या टेबलावर जहाज होतं. पलंगाएवढंच लांब, करड्या रंगाचं, दोन धुराड्यांचं, पुढेमागे तोफांचे जाड बुरूज असलेलं. एच.एम.एस. मर्सिया. शंभराहून जास्त वर्षांपूर्वीची ब्रिटिश आरमाराची युद्धनौका. ललित तिची प्रतिकृती बनवत होता, आणि सोबत तिचा इतिहासही जुळवत होता: पाण्यात कधी उतरली, कोणत्या ताफ्यात होती, कुठल्या बंदरात कोळसा भरला, कुठं मार खाल्ला. माणूस तांत्रिक शाळेत ड्रॉइंग शिकवणारा. समुद्र त्यानं आयुष्यात एकदाच पाहिला होता, तोही मुंबईत टॅक्सीच्या खिडकीतून.

"चहा," ज्योत्स्ना म्हणाली.

"ठेव तिथं." त्यानं मान वर केली नाही. "आज माल्ट्याले पोचली थे."

कप ठेवता ठेवता ती थांबली. वऱ्हाडीत 'थे' म्हटलं की ती 'ती' असू शकते, नाहीतर 'ते'. नेमकं काय, हे पुढच्या क्रियापदावरून कळतं. आजवर ललितचं जहाज निघालं होतं, थांबलं होतं, दुरुस्त झालं होतं. आज पहिल्यांदा थे पोचली होती.

"पोचलं," ज्योत्स्ना म्हणाली.

"हं?"

"जहाज पोचलं म्हना. पोचली काहून?"

"इंग्रज लोकं जहाजाले बाईच समजतात व."

"तुमी कवापासून इंग्रज झाले?"

ललित हसला, पण ते हसू तिच्यापर्यंत आलं नाही. त्याचं लक्ष केव्हाच परत टेबलावर गेलं होतं. पुढच्या धुराड्यावर धुळीचा कण बसला होता. तो त्यानं फुंकला नाही. कुणाच्या गालावरची पापणी उचलावी तसा बोटाच्या टोकानं हलकेच उचलला.

ज्योत्स्ना जिना उतरली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपण दात आवळून धरले आहेत.

२

लाकडा-पत्र्याच्या वस्तूचा हेवा वाटतो, हे ती कुणाला सांगणार? नवऱ्याचं बाहेर काही असतं तर माहेरी जाऊन रडता आलं असतं. नणंदेला मध्ये घालता आलं असतं. इथं तर माणूस शाळेतून थेट घरी येत होता, दारूचा थेंब घेत नव्हता, पगार हातात आणून ठेवत होता. फक्त घरी आल्यावर हातपाय धुऊन तो वर जात होता.

नाव तरी काय, मर्सिया. ज्योत्स्नाला त्या नावानं मिशनच्या दवाखान्यातली एखादी उंच, गोरीपान, कमी बोलणारी नर्स डोळ्यांसमोर यायची.

लग्नानंतरची काही वर्षं ललित तिची चित्रं काढायचा. भाजी निवडताना, केस वाळवताना, झोपलेली. ती ओरडायची, "काढू नका, मी वंगाळ दिसते," आणि मनातून फुलायची. ती चित्रं कपाटाच्या वरच्या फळीवर होती. आता त्याच हातानं तो जहाजाच्या पोटाची वळणं काढत होता. त्याचं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं बनियन तिनं पोछ्याला घेतलं, तर त्यानं ते तिच्या हातातून काढून घेतलं. "हे राहू दे. हे नरम हाये. डेक पुसाले लागते."

मग शेजारच्या पार्बताबाईंनी एक दिवस कुंपणावरून विचारलं, "दामिनी आली हाये का वं घरी?"

"नाई. काहून?"

"नाई, दुपारी ललितभाऊ वर कोनासंग तरी बोलत असतात. लई हळू. मले वाटलं पोरीसंग बोलून राहिले."

ज्योत्स्ना सरकारी माती परीक्षण प्रयोगशाळेत नोकरीला होती. ती घरी पोचायची संध्याकाळी. शाळेला सुट्ट्या लागल्यापासून ललित दिवसभर घरीच असायचा. दुसऱ्या दिवशी ती डोकं दुखल्याचं सांगून दुपारीच आली. चपला खालीच काढून जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहिली.

आत ललित बोलत होता. "जिब्राल्टरले तू आठवडाभर होती. मंग वादळात तुझा उजवा नांगर गेला. आठवते?" मग शांतता. माणूस उत्तर ऐकताना जेवढा थांबतो, तेवढी. मग तो खुदकन हसला.

असं खुदकन तो तिच्यासोबत कधी हसला होता, ते ज्योत्स्ना आठवत राहिली. आठवेना.

३

पाणी तिला त्याच आठवड्यात सापडलं. ललित बाजारात गेला होता आणि ती वर झाडायला गेली होती. टेबलाखाली फरशीवर बशीएवढं पाणी साचलं होतं. कूलर गळत असेल, ती मनात म्हणाली. पण कूलर खिडकीत, खोलीच्या दुसऱ्या टोकाला, आणि त्याच्याखाली फरशी कोरडी. तिनं पाणी पुसलं. बोट सहज जिभेला लावलं.

खारट.

त्यातही घाबरण्यासारखं काही नव्हतं. अकोल्याच्या उत्तरेचा सगळा मुलूख खारपाणपट्ट्याचा. तिथल्या विहिरींचं पाणी जनावरंसुद्धा नाक मुरडून पितात. तिचं अर्धं आयुष्य त्या पट्ट्यातली माती आणि पाणी तपासण्यात गेलेलं. घरच्या बोअरलाही थोडी चव होतीच. बोअरचं पाणी, दुसरं काय.

पण दुसऱ्या दिवशी तिथं परत पाणी होतं, आणि ज्योत्स्नानं ते एका बाटलीत भरून प्रयोगशाळेत नेलं. जेवणाच्या सुट्टीत, कुणी नसताना, तिनं ते स्वतः तपासलं.

आपल्या खारपाणाची एक ओळख असते. त्यात खाण्याच्या सोड्यासारखे क्षार जास्त. या पाण्यात ते जवळजवळ नव्हतेच. होतं ते मीठ, आणि तेही इतकं की तिनं नमुना पातळ करून परत तपासलं. ललित गंजाचे डाग दाखवायला रंगात मीठ मिसळत असेल, तिनं स्वतःला समजावलं. मग तिनं मॅग्नेशियम पाहिलं. पुड्यातल्या मिठात एवढं मॅग्नेशियम नसतं. ते समुद्रात असतं.

बाटली तिनं बेसिनमध्ये ओतली आणि नळ बराच वेळ सुरू ठेवला. अकोल्यापासून समुद्र किती लांब, याचा ती हिशोब करू लागली आणि मध्येच थांबली. कारण तिला भीती वाटत नव्हती, हे तिच्या ध्यानात आलं. तिला राग आला होता. तिच्या घरात, तिच्या पोरीच्या खोलीत, दुसरी कुणीतरी ओल्या अंगानं वावरत होती.

४

मे महिन्यात अमरावतीला ललितच्या बहिणीच्या, रागिणीच्या मुलाचं साक्षगंध होतं, साखरपुडाच तो. ललित सख्खा मामा. सकाळी नवा शर्ट घालून तयार झाला, बूट घातले, आणि दारात उभा राहून म्हणाला, "तू हो पुढं. मी दुपारच्या गाडीनं येतो."

"काहून?"

"तिले एकटं सोडवत नाई आज. आजचा दिवस खराब हाये तिचा."

ज्योत्स्नानं पर्स खांद्याला लावली. तोंड उघडलं असतं तर गल्लीला ऐकू गेलं असतं. ती एकटीच एसटीत बसली. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं, तरी तिचे कान गरमच होते.

राजापेठेजवळच्या मंगल कार्यालयात रागिणीनं तिला दारातच गाठलं. "वैनी, दादा कुठं?"

"येऊन राहिले मागून."

दुपारची गाडी आली असेल आणि गेली असेल. ललित आला नाही. मामाच्या हातानं टिळा लावायचा तर मामाच नाही. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. शेवटी रागिणी तिला बाजूला घेऊन म्हणाली, "खरं सांगजा वैनी. दादाचं कोनी हाये का?"

ज्योत्स्नाच्या तोंडून होकार निघून गेला, "हाव."

जेवण न करताच ती परत निघाली. घरी पोचली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. ललित वरच्या खोलीत जमिनीवर बसला होता, नव्या शर्टातच. त्यानं कपाळ टेबलाच्या कडेला टेकवलं होतं.

"काय झालं आज तिले?" ज्योत्स्नानं विचारलं. आवाज शांत निघाला, याचं तिलाच नवल वाटलं.

आणि ललितनं सांगितलं. तिला पहिल्यांदाच सांगितलं, मन मोकळं करावं तसं. तुर्कस्तानाजवळच्या सामुद्रधुनीत मर्सियाखाली पाण्यातला सुरुंग फुटला. पोट फाटलं. बॉयलरच्या खोलीत समुद्र घुसला. जहाजाच्या आत जाड लोखंडी दारं असतात. ती वेळेत लावली तर एका खोलीतलं पाणी दुसऱ्या खोलीत येत नाही. दारं लावायचा हुकूम झाला. कोळसा टाकणारी माणसं आतच होती.

"मंग?"

"दारं लावली. थे वाचली." त्यानं जहाजाच्या बाजूवरून हात फिरवला. "आतून ठोकत होते. बंदरात पोचेपर्यंत आयकू येत होतं म्हनतात. कोनी उघडलं नाई. उघडलं असतं तर बुडली असती."

"आन् पुढं काय झालं तिचं?"

ललितनं तिच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत एकदम घाई दिसली, एखाद्याचं तोंड दाबायला धावावं तशी. "पुढचं नाई बोलायचं इथं," तो पुटपुटला. "तिले मालूम नाई."

५

पुढचं काय झालं, हे ज्योत्स्नाला फोनवर शोधायला वेळ लागला नाही.

जूनच्या शेवटी शाळा सुरू झाली. ललित गेल्यावर तिनं रजेचा निरोप पाठवला, स्वयंपाक आवरला, केस विंचरले. भांडायला जायचं तर नीटनेटकं जावं, असं तिला वाटलं. मग ती वर गेली आणि टेबलासमोर खुर्ची ओढून बसली.

खोलीत कोळशाचा वास होता. रंग, डिंक आणि लाकडाचा भुसा यांच्या वासात तो असायला नको होता. खिडकीतून आलेलं ऊन जहाजावर तिरपं पडलं होतं आणि बाजूच्या लहान लहान गोल खिडक्या चकाकत होत्या. ललितनं त्यांत काच बसवली असेल, ती मनात म्हणाली.

"आयक," ज्योत्स्ना मोठ्यानं म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला वेड्यासारखा वाटला, पण आता थांबणं नव्हतं. "तो तुले सांगत नाई, मी सांगते. लढाई संपली. तुई गरज संपली. तुले एका खाडीत नेऊन बांधलं. दोन वर्सं तुयाकडे कोनी पाह्यलं नाई. मंग तुले इकलं. भंगारवाल्याले. लोखंडाच्या भावानं. तुया तोफा काढल्या, धुराडी पाडली, आन् तुले कापून कापून ढीग लावले. कोनी रडलं नाई. आयकलं? तू मेली हायेस. शंभर वर्सं झाली."

काही झालं नाही. बाहेर भंगाराचा नव्हे, भाजीचा हातगाडीवाला ओरडत गेला. ज्योत्स्नाला हसू आलं.

तेवढ्यात खाली स्वयंपाकघराचं दार लागलं. जड, लोखंडावर लोखंड आपटावं तसं. मग न्हाणीघराचं. मग पुढच्या खोलीचं. एकामागून एक, सावकाश, जवळ येत. शेवटचं जिन्याच्या तोंडाशी लागलं. त्या जिन्याला दार नव्हतं.

ती उठली, धावली, खाली आली. सगळी दारं सताड उघडी होती. लाकडी, हलकी, नेहमीची. वाऱ्यानं आपटली असतील. वारा नव्हता.

संध्याकाळी ललित आला, हातपाय धुऊन वर गेला. ज्योत्स्ना खाली ताटकळत उभी राहिली. त्याला कळेलच, मग तो ओरडेल, रडेल, खाली येऊन तिचा गळा धरेल. आवाज आला नाही, तेव्हा तीच वर गेली.

जहाज नव्हतं. टेबलावर ढीग होते. पत्र्याचे तुकडे एका ढिगात, लाकूड दुसऱ्यात, तोफा तिसऱ्यात. मोडतोड नव्हती, फाटाफूट नव्हती. जाणत्या हातांनी सोडवून, निवडून ठेवल्यासारखं सगळं. तिनं तर बोटही लावलं नव्हतं.

ललित शांत बसला होता. "सांगतलं तू तिले?"

"हाव."

"बरं केलं." तो उठला. तिच्यापाशी आला आणि कित्येक वर्षांनी त्यानं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. नीट, निरखून पाहिलं. "आता आली ना इथं," तो म्हणाला.

मी जिना चढून आले, त्याबद्दल म्हणतात, असं ज्योत्स्नानं ठरवलं.

६

पावसाळा सुखाचा गेला. खोटं कशाला, तेवढं सुख तिला लग्नाच्या पहिल्या वर्षीही मिळालं नव्हतं. ललित ती यायच्या वेळी फाटकात उभा असायचा. पर्स हातातून घ्यायचा. आज कुठं गेली, कोण भेटलं, काय खाल्लं, सगळं विचारायचा आणि मन लावून ऐकायचा. ती दमली असली की त्या मऊ बनियननं तिचे पाय पुसायचा, बोटांच्या बेचक्यांपर्यंत. आपण जिंकलो, असं ती स्वतःशी म्हणायची. वरची खोली धुऊन दामिनीचा पलंग परत मांडला होता.

एकदा पहाटे पहाटे तिला जाग आली. ललित तिच्या पाठीवरून हात फिरवत पुटपुटत होता. "सोमवारी दहिहांडा गावाले गेली. मातीचे नमुने घेतले. संध्याकाळी वापस आली. मंगळवारी घरीच होती." ती डोळे मिटून पडून राहिली. माणूस आपली आठवण ठेवतो आहे, यात वाईट काय?

मग फरशीवर तिची पावलं ओली उमटू लागली. घामाची असतील. पार्बताबाई एकदा तिच्या हाताला हात लागताच म्हणाल्या, "माय वं, किती थंडगार!" रक्त कमी असेल. ज्योत्स्नानं तपासून घेतलं. रक्त चांगलं होतं.

आवाज तिला पहिल्यांदा बसमध्ये ऐकू आला. टक, टक, टक. मग थोडा वेळ काही नाही. परत टक, टक. तिनं खिडकीची काच धरून पाहिली, पुढच्या सीटची दांडी धरून पाहिली. मग हात छातीवर ठेवला. हृदयाचा ठोका तिला ओळखता येत होता. तो वेगळा चालू होता. हे त्याच्या खालून येत होतं, पोटाच्या वरून, आणि एका जागेवरून येत नव्हतं.

घरी येऊन ती ललितजवळ कोसळली. "तुमी आयका. आयका ना. आत काय वाजते?"

ललितनं तिच्या बरगडीवर कान ठेवला. डोळे मिटले. बराच वेळ तसाच राहिला. तिच्या केसांतून बोटं फिरवत, लहान लेकराला समजवावं तसं म्हणाला, "काही नाई. उघडजो नको फक्त. आपोआप थांबतात."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी तो तिच्या बरगडीला कान लावून बसू लागला. आणि सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट ही, की ज्योत्स्ना दिवसभर त्या घटकेची वाट पाहू लागली.

७

दिवाळीच्या सुट्टीत दामिनी आली. ललित तिला आणायला स्टेशनवर गेला. बापलेक हसत हसत फाटकातून आत आले. नागपूरचं हॉस्टेल, तिथली खानावळ, मैत्रिणी, प्रोजेक्ट. दामिनी बोलत होती आणि ललित ऐकत होता. हनुवटीला हात लावून, मान जराशी कलती करून. ती मान ज्योत्स्ना ओळखत होती. महिनोन्‌महिने ती तिच्यासाठी कलत होती.

"आज माया जवळ नाई बसले तुमी," संध्याकाळी तिनं त्याला गाठून म्हटलं.

त्यानं कान लावला. लगेच काढला. "कमी झालं आता. एखादाच राहिला." आणि वरून दामिनीनं हाक मारली तसा तो उठून गेला.

ज्योत्स्ना कढईपुढे उभी राहिली. ती शेव तेलात सोडू लागली. पोटची पोर आहे माझी, ती स्वतःला बजावत होती. वरून दोघांच्या हसण्याचा आवाज आला. आतला तो एकटा ठोका टक करून वाजला, मंद, थकलेला. तिला त्याची दया आली नाही. तो थांबला तर ललित कान कशाला लावेल, एवढीच तिला धास्ती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती न्हाऊन देवळीसमोर उदबत्ती लावत होती. दामिनी उठून डोळे चोळत आली आणि लहानपणी यायची तशी तिच्या कुशीत शिरली.

"आई! तुयं आंग किती थंड हाये व," दामिनी म्हणाली. तिनं गाल आईच्या छातीवर ठेवला. "आई, हे काय वाजून राह्यलं आत? कोनी ठोकते का?"

तिला दूर ढकलायला हवं होतं. ज्योत्स्नाला ते स्पष्ट कळत होतं. जा, नागपूरला जा, मागं पाहू नको, असं ओरडायला तिनं तोंडही उघडलं. जिभेवर मिठाची चव आली.

तेवढ्यात तिला दारात ललित दिसला. तो पाहत होता. दामिनीकडे नाही. तिच्याकडे, नुसतं तिच्याकडे, श्वास रोखून.

ज्योत्स्नानं तोंड मिटलं. दोन्ही हात पोरीच्या पाठीवर ठेवले आणि तिला घट्ट जवळ ओढलं. आत कुठंतरी खूप खोल एक जड कडी सरकली, आणि पोरीला आत घ्यायला दार उघडलं.